विटांची गढी : ऑक्सबर्ग हॉल

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात ऑक्सबर्ग हॉल हा लाल विटांचा वाडा आहे. सभोवती पाण्याने भरलेला खंदक, त्यावरील पूल आणि पुलाच्या टोकाशी सुमारे ८० फूट उंचीचे महाद्वार पाहिले की, हा एखादा भुईकोट किल्लाच असावा असे वाटते. १४८२ मध्ये चौथ्या एडवर्ड राजाकडून तट व चर्या बांधण्याचा परवाना मिळवून सर एडमंड बेडिंगफील्ड यांनी तो बांधविला. असा परवाना त्या काळी संरक्षणाच्या सोयीपेक्षा राजकृपेची खूण म्हणून अधिक मोलाचा असे.

या प्रदेशात बांधकामाचा चांगला दगड नाही; तो दुरून नावांनी आणावा लागे. चिकणमाती मात्र मुबलक. पानगळीच्या दिवसांत खणून ठेवलेली माती हिवाळ्याच्या गोठवणाऱ्या थंडीत भुसभुशीत होई. मग उन्हाळ्यात साच्यांतून विटा पाडून त्या भट्टीत भाजीत. मातीतील लोहामुळे विटांना लाल रंग येई. असे असले तरी वीट ही गरिबांची वस्तू नव्हती. उमरावांमध्ये ती नवी आणि प्रतिष्ठेची मानली जात होती.

विटेची खरी करामत महाद्वारात दिसते. कमानीच्या दोन्ही बाजूंचे बहुकोनी बुरूज आडव्या पट्ट्यांनी एकावर एक अशा टप्प्यांत विभागलेले असून प्रत्येक टप्प्याच्या माथ्यावर नाजूक कमानींची नक्षी आहे. दगडात जे कोरावे लागले असते, ते येथे विटेला आकार देऊन साधले आहे. आतील गोल जिन्याचे छतही विटांचेच. पायऱ्यांबरोबर पीळ घेत ते वर चढत जाते. त्या गवंड्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

परंतु कमानीवरच्या रुंद खिडक्या पाहताच या किल्ल्याचे सोंग उघडे पडते. तोफांच्या त्या युगात अशा दर्शनी भागाचा निभाव लागला नसता. हे राजाच्या स्वागताचे द्वार होते, आणि १४८७ मध्ये सातवा हेन्री येथे येऊन राहिलाही.

पुढे धर्मसुधारणेनंतरही बेडिंगफील्ड घराणे कॅथलिक राहिले. १५८५ च्या कायद्याने, परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडात राहणे हा राजद्रोह ठरला आणि त्याला आश्रय देणाऱ्यालाही देहदंड सांगितला गेला. महाद्वारातील एका लहान कोठडीत फरशीचा एक भाग लाकडी झडपेवर बसविलेला आहे. एका कडेवर भार दिला की तो कलतो आणि खाली माणूस कसाबसा बसेल एवढी पोकळी दिसते. ज्या वाड्याचा खंदक आणि बुरूज केवळ शोभेचे होते, त्यातील खरा संरक्षक भाग हाच म्हणावा लागेल.

जुने भोजनगृह १७७५ मध्ये पाडण्यात आले. पिळदार धुराडी जुनी वाटली, तरी पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातील डागडुजीतली आहेत. १९५१ मध्ये वाडा विकला गेला व तो जमीनदोस्त होण्याची वेळ आली. तेव्हा लेडी सिबिल बेडिंगफील्ड, त्यांची कन्या व भाची यांनी पैसा उभा करून तो परत मिळविला आणि १९५२ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केला.