निकाहाआधीची भेट

आपल्या शहागंजात, रोशन गेटला रिश्ता येतो तेव्हा आधी येतात मुलाची आई आणि खाला. अनेक घरांत मुलगा फोटोच पाहतो. इथे आपण जरा थांबू. प्रेषितांचे सहकारी मुगीरा यांनी मागणी घातली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सांगितलं, आधी तिला पाहून घ्या, त्यानं मनं जुळतील. म्हणजे भेटीला मुभा आहे. अट अशी की एकांत नको. मुलीचे वडील किंवा भाऊ, म्हणजे महरम, जवळ हवा. बोलणंही मर्यादेत, पण मोकळं. निकाहाच्या वेळी वकील आणि साक्षीदार मुलीची संमती विचारतात. आता ज्याच्याशी दोन शब्दही बोललो नाही, त्याला ती कशाच्या भरवशावर होकार देणार? खन्सा बिन्त खिदाम यांचा मर्जीविरुद्ध लावलेला निकाह प्रेषितांनी रद्द केला होता. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, पाहुणे उठण्याआधी मुलीला विचारा, तुला काही विचारायचंय का?