डिक्री कोणत्या इमारतीत आहे?

जन्माचा दाखला महापालिका देते, मृत्यूचाही तीच देते. लग्नाची नोंद वॉर्ड ऑफिसात होते: गिरगावकर नाना चौकातल्या डी वॉर्डात जातात, दादरकर प्लाझामागच्या जी उत्तरमध्ये, परळ-लालबागचे लोक एफ दक्षिणमध्ये. त्यामुळे लग्न मोडल्याचा कागदही तिथल्याच एखाद्या खिडकीवर मिळत असणार, असा पुष्कळांचा समज असतो. तो कागद तिथे मिळत नाही. महाराष्ट्राचा १९९८चा विवाह नोंदणी कायदा लग्न नोंदवायला लावतो. ते संपल्याची नोंद ठेवायचं काम त्याने कुणाच्याच गळ्यात घातलेलं नाही.

घटस्फोट म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा, सगळ्यांच्या तोंडी असलेली 'डिक्री'. तिची सही-शिक्क्याची नक्कल हाच काय तो पुरावा. कोर्टाच्या भाषेत ती प्रमाणित प्रत, वकिलाच्या भाषेत सर्टिफाइड कॉपी, आणि घरात नुसता 'घटस्फोटाचा कागद'. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने एक चांगलं पोटकलम आलं, २३(४). घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना न्यायालयाने विनामूल्य द्यायची. तरीही घरात कागद नाही अशी माणसं खूप सापडतात. निकाल लागला की पुन्हा त्या जिन्याचं तोंड पाहायला नको असं वाटतं. वकील म्हणतो, मी काढून ठेवतो. ती प्रत त्याच्या ऑफिसातल्या लाल फितीच्या गठ्ठ्यात राहते. वीस वर्षांनी वकील हयात नसतो आणि त्या ऑफिसात कुरिअरवाला बसलेला असतो.

मग एक दिवस गरज पडते. दुसरं लग्न नोंदवायचं असतं. मुलीला परदेशी न्यायचं असतं आणि ताबा कुणाकडे हे वकिलातीला दाखवायचं असतं. खेतवाडीतली चाळ पुनर्विकासाला निघते आणि वडिलांच्या खोलीवर हक्क कुणाकुणाचा, हा प्रश्न उभा राहतो. लालबाग-परळमध्ये यात गिरणी कामगारांच्या घरांची भर पडली. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर ज्यांची गिरणी सुटली, त्यांच्या वारसांना म्हाडाच्या सोडतीत घर लागलं की पहिला सवाल वारस कोण हाच असतो. कायद्याने न सुटलेली पहिली बायको वारस राहते, मग ती तीस वर्षं वेगळी राहत असली तरी. पासपोर्टासाठी मात्र आता हा कागद लागत नाही; परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६मध्ये ती अट काढून टाकली.

कागद शोधायला निघालेल्या माणसाने आधी साल आठवावं, कारण मुंबईत घटस्फोटाची इमारत सालावर ठरते.

ऑक्टोबर १९८९नंतरचं प्रकरण असेल तर कुटुंब न्यायालय. १९८४चा कुटुंब न्यायालय कायदा महाराष्ट्रात डिसेंबर १९८६पासून लागू झाला, पण मुंबईत हे न्यायालय प्रत्यक्ष चालू व्हायला आणखी जवळपास तीन वर्षं गेली. आज त्याचा पत्ता वांद्रे-कुर्ला संकुल, वांद्रे पूर्व. शहर आणि उपनगर दोन्ही त्याच्याकडे आहेत, म्हणजे गिरगावात मोडलेला संसारही वांद्र्यालाच नोंदला जातो. त्याआधीचं प्रकरण असेल तर फोर्टातलं नगर दिवाणी न्यायालय. १९४८च्या कायद्याने ते उभं राहिलं. ते बसतं जुन्या सचिवालयात, विद्यापीठाच्या शेजारच्या १८७४च्या व्हेनिशियन कमानींच्या इमारतीत. राज्य कारभाराचा गाडा तिथून हलला, कोर्ट राहिलं. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ला आला तेव्हापासून १९८९पर्यंत या शहरातल्या हिंदू जोडप्यांचे घटस्फोट इथे होत. त्या अर्जांना एम.जे. पिटिशन म्हणत, मॅट्रिमोनिअल ज्युरिसडिक्शनची ही आद्याक्षरं. १९८९ला जी प्रकरणं तुंबलेली होती ती नव्या न्यायालयाकडे वर्ग झाली. म्हणून १९८७ साली दाखल झालेल्या एखाद्या फायलीचा नंबर एम.जे.चा आणि निकाल कुटुंब न्यायालयाचा असू शकतो. अशी फाइल फोर्टात शोधत बसलं तर हाती काही लागत नाही.

तिसरी इमारत उच्च न्यायालयाची. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९चा घटस्फोट कायदा लागू होता. जिल्हा न्यायालयाने दिलेला त्यांचा घटस्फोट उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. ही अट २००१ला गेली. पारशांचं तर न्यायालयच वेगळं आहे. मुंबईचं पारशी मुख्य वैवाहिक न्यायालय उच्च न्यायालयात भरतं आणि तिथे न्यायाधीशासोबत समाजातून निवडलेले प्रतिनिधी बसतात, पूर्वी सात, १९८८च्या दुरुस्तीपासून पाच. देशातली ज्यूरी पद्धत इतर सगळीकडून गेली, इथे तिचा हा एक धागा उरला आहे.

इमारत कळली तरी नंबर हवा. कुटुंब न्यायालयात अर्जांना इंग्रजी अक्षरं आहेत: वादाचा घटस्फोट 'ए' पिटिशन, संमतीचा 'एफ', मुलांच्या ताब्याचा 'डी', पोटगीचा 'ई'. एकाच नवरा-बायकोचे तीन नंबर असणं ही अगदी रोजची गोष्ट. आधी तिने पोटगीचा 'ई' टाकलेला, मग त्याने 'ए', आणि शेवटी समुपदेशकाच्या खोलीत तडजोड होऊन त्या 'ए'चं रूपांतर संमतीच्या घटस्फोटात. घरात कपाटात सापडलेल्या कागदावर 'ई' असेल तर तो पोटगीचा हुकूम आहे, घटस्फोटाचा नव्हे; लोक नेमके तोच घेऊन नोंदणी कार्यालयात जातात. अलीकडच्या प्रकरणांना सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांकही असतो, आणि तो हाती असेल तर ई-कोर्ट्सच्या यंत्रणेत प्रकरण एका मिनिटात समोर येतं. नंबर नसेल तर पक्षकारांची नावं आणि साल यांवरून शोध घ्यावा लागतो. तिथे मुंबईचा आडनावांचा गोंधळ आडवा येतो: सावंत, कदम, परब, जाधव. बायकोचं नाव माहेरचं की सासरचं, लग्नात बदललेलं की मूळचं, हे सगळं लिहून नेलेलं बरं.

नंबर मिळाला की पुढची वाट तशी सरळ आहे. नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फीचा स्टॅम्प, पक्षकार म्हणून ओळखपत्र, किंवा वकिलाचं वकीलपत्र. निकाली फाइल अभिलेख कक्षात गेलेली असली तर ती वर यायला वेळ लागतो. अर्जात नुसती डिक्री मागू नये. डिक्री पानभराची असते आणि त्यात लग्न संपलं एवढंच असतं. मुलं कुणाकडे, पोटगी किती, दागिने परत दिले का, खोलीवरचा हक्क सोडला का, हे सगळं न्यायनिर्णयात किंवा जोडलेल्या कन्सेंट टर्म्समध्ये असतं. त्यामुळे न्यायनिर्णय, डिक्री आणि कन्सेंट टर्म्स, तिन्ही मागाव्यात. हातात आल्यावर प्रत उलटी करून पाहावी. मागच्या बाजूला अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा असतात. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला गेलेले दिवस वगळले जातात, म्हणून तो शिक्का महत्त्वाचा. जुन्या फायलींबाबत आणखी एक: अभिलेख नष्ट करण्याचा कायदा १९१७चा आहे आणि न्यायालयं त्यानुसार मुदत संपलेले कागद काढून टाकतात. निकाल आणि डिक्री जास्त जपले जातात. पत्रं, फोटो, पावत्या आधी जातात. मूळ लग्नपत्रिका कोर्टात लावलेली असेल तर ती परत मिळेल या आशेवर राहू नये.

कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे इथे वकील लावायचा हक्क म्हणून नाही. न्यायालय परवानगी देतं आणि सर्रास देतं. पण ज्यांनी स्वतःच खटला चालवला त्यांच्याकडे कागद असण्याची शक्यता, माझ्या मते, जास्त. ज्याने स्वतः रांग लावली तो कागद विसरत नाही.

आता परक्याचा प्रश्न. दादरच्या वधूवर सूचक मंडळात 'घटस्फोटित' अशी नोंद असलेलं स्थळ आलं की मुलीकडच्यांना खात्री करायची असते. अमेरिकेत काही राज्यांत हे सोपं आहे. कॅलिफोर्नियात काउंटीच्या न्यायालयाच्या लेखनिकाकडे सहसा कुणीही घटस्फोटाची फाइल मागू शकतं. उलट न्यूयॉर्कमध्ये ती शंभर वर्षं पक्षकार आणि त्यांच्या वकिलांपुरतीच राहते. आपली चाल न्यूयॉर्कच्या जवळची. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सांगतं की ही प्रकरणं बंद दाराआड चालवायची आणि त्यांतला मजकूर छापायचा नाही. छापल्यास दंड हजार रुपयांपर्यंत. तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर कारण लेखी सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि 'मुलीचं लग्न ठरतंय' हे कारण पुरेल या भरवशावर राहू नये. माहितीच्या अधिकाराचा अर्जही इथे उपयोगाचा नाही: नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये स्पष्ट केलं. स्थळाकडूनच प्रमाणित प्रत मागावी. हा नियम मला योग्य वाटतो. संसार का मोडला हे शेजाऱ्यांनी वाचायचं काही कारण नाही.

पण हा आडपडदा सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात वाढलेल्या रखमाबाईंवर नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, नांदायला येण्यासाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली तो फेटाळला, १८८६च्या अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ साली नांदायला जा नाहीतर तुरुंगात, असा हुकूम झाला. १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्यांना घटस्फोट मिळालाच नाही, मिळण्याचा कायदाही नव्हता. मुंबई प्रांतात तो आला १९४७ साली. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ला केला होता. रखमाबाईंचं नाव मात्र इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत नवव्या आणि दहाव्या खंडात छापलेलं आहे, कुणीही वाचावं असं.

ज्या जातींत काडीमोडीची चाल होती तिथे कोर्टाची पायरीच चढायची नव्हती. गिरणगावात बिऱ्हाड आणि कोकणात घर, अशा माणसाने गावच्या पंचांसमोर सोडचिठ्ठी लिहिली की झालं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२)ने रूढीचा घटस्फोट राखून ठेवला आहे. पण रूढी होती हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं, नुसती चिठ्ठी पुरत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे पुन्हा बजावलं. सोडतीत घर लागल्यावर वारसांच्या हाती असते ती ही पिवळी चिठ्ठी, आणि ती सिद्ध करायला पंचांपैकी कुणी उरलेलं नसतं. हल्ली स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे करून घेतलेला 'घटस्फोट' दिसतो. रूढीचा आधार नसेल तर तो कागद कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही.

कोर्टाची डिक्री असली तरी ती मुंबईतच असेल असं नाही. अर्ज लग्न झालं तिथे, शेवटचं एकत्र राहिले तिथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे करता येतो. २००३पासून बायको स्वतः राहते तिथेही करू शकते. परळला राहून लग्न सावंतवाडीला लागलेलं असेल तर फाइल सिंधुदुर्गातही असू शकते. परदेशी न्यायचा कागद असेल तर राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. भारत हेगच्या त्या करारात २००५पासून आहे.

या सगळ्या धावपळीवर उपाय नाही असं नाही. १९३६च्या पारशी विवाह कायद्याच्या कलम १०मध्ये तो आहे: घटस्फोटाचा हुकूम झाला की न्यायालयाने त्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवायची आणि त्याने ती वहीत चढवायची. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी नोंदणीत लग्नाच्या नोंदीच्या समासातच घटस्फोटाचा शेरा येतो. एका लहानशा समाजासाठी आणि शेजारच्या एका लहान राज्यात जे इतकी दशकं चाललं आहे, ते महाराष्ट्राच्या विधिमंडळाला १९९८च्या कायद्यात एक कलम घालून सगळ्यांसाठी करता येईल. कारणं, आरोप, साक्षी काही नको. नावं, तारीख, न्यायालय आणि प्रकरणाचा नंबर एवढं वॉर्ड ऑफिसच्या वहीत पुरेल. तोवर ज्यांचा निकाल लागला आहे त्यांनी वांद्र्याला जाऊन आपली विनामूल्य प्रत मागून घ्यावी.