करंड्यांतले रंग

शृंगार हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें लग्नमंडप उभा राहतो. पैठणीचा पदर, नथीचे मोती, हातभर चुडा आणि चौरंगावर बसलेली नवरी. परंतु वर्षाच्या तीनशें पासष्ट दिवसांत असे दिवस कितीसे येणार? शृंगाराचें खरें घर मांडव नव्हे, तर फणेरपेटीचा लहानसा आरसा हेंच होय. सकाळचीं पहिलीं कामें उरकल्यावर त्या आरशापुढें घालविलेलीं चार मिनिटें, एवढाच वेळ पुष्कळ स्त्रियांच्या दिवसांत सर्वस्वी त्यांचा स्वतःचा असे. त्या चार मिनिटांत कपाळावर एक रंग उमटे, डोळ्यांत दुसरा आणि केंसांत तिसरा; मग उरलेला दिवस चुलीपाशीं, शेतांत किंवा कचेरींत गेला तरी ते रंग सोबत करीत. हा आनंद लहान आहे खरा. परंतु लहान म्हणून तो क्षुल्लक ठरत नाहीं. तो कशाचा बनलेला आहे, त्यांत कोणाचे श्रम आहेत, त्यांत धोका कोठें आहे आणि तो कोणाला नाकारला गेला, हें पाहिलें म्हणजे त्याची खरी किंमत ध्यानांत येते.

प्रथम कुंकू घ्यावें. हळद पिंवळी आणि तिच्यापासून होणारें कुंकू तांबडें, हा चमत्कार कसा घडतो? त्याचें उत्तर प्रत्येक गृहिणीनें धुणें धुतांना पाहिलेलें असतें. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावला कीं तो डाग तांबडा होतो. हळदींत कर्क्युमिन नांवाचें पिंवळें रंगद्रव्य असतें. क्षाराच्या संगतींत तें तांबडें होतें आणि आंबट पदार्थ लागतांच पुन्हा पिंवळें पडतें. चुन्याच्या योगानें हळद तांबडी होते ती याच कारणानें. जुन्या कृतींत हळकुंडें लिंबाच्या रसांत टांकणखार घालून मुरवीत, वाळवीत आणि मग बारीक कुटून वस्त्रगाळ करीत. येथें रंग येतो तो निराळ्या वाटेनें. टांकणखारांतील बोरॉन आणि हळदींतील रंगद्रव्य यांचा आंबटाच्या सान्निध्यांत संयोग होऊन. ज्या बायांनीं ही कृति पिढ्यान्‌पिढ्या चालविली त्यांना बोरॉन हें नांव ठाऊक नव्हतें. परंतु लिंबू किती आणि टांकणखार किती, हें त्यांच्या हाताला नेमकें ठाऊक होतें. महाराष्ट्रांत पंढरपूर हें कुंकवाबुक्क्याचें जुनें पेठेचें ठिकाण. आणि त्याच सोलापूर जिल्ह्यांत करमाळें तालुक्यांतील केम हें गांव कुंकवाच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे.

कुंकू लावण्याचीही एक रीत होती. करंड्याशेजारीं मेणाची डबी असे. बोटाच्या टोकानें मेणाचा एक वाटोळा ठिपका कपाळावर टेकवावा आणि त्यावर कोरडें कुंकू लावावें, म्हणजे कड रेखीव राही आणि कुंकू दिवसभर गळत नसे. कोणी आडवी चिरी काढी, कोणी चंद्रकोर, तर कोणी रुपयाएवढें ठसठशीत वाटोळें. वस्तु एकच, पण प्रत्येकीच्या कपाळावर तिची सही निराळी.

मात्र तांबडें तें सारें कुंकू नव्हे. शेंदूर हा शिशाचा प्राणिल पदार्थ आहे आणि हिंगूळ हा पारा व गंधक यांचा संयोग आहे. रंग उजळ दिसावा म्हणून असले पदार्थ किंवा स्वस्त कृत्रिम रंग जेथें कुंकवांत मिसळले जातात, तेथें शृंगाराचें विष होतें. शिसें शरीरांत सांचत जातें आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस तें विशेष घातक ठरतें. त्याचें अमुक इतकें प्रमाण निर्धोक, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाहीं. आईच्या कपाळाला लागलेलें बोट मूल तोंडांत घालतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें गांभीर्य कळून येईल. शिसें डोळ्यांना दिसत नाहीं आणि जिभेला कळत नाहीं; तें प्रयोगशाळेंतच कळतें. म्हणून सुटें, नांवगांव नसलेलें कुंकू घेण्यापेक्षां घटक छापलेली पुडी घेणें हें अधिक शहाणपणाचें.

पुढें मेणाची डबी मागें पडली आणि चिकटणारी टिकली आली. तिनें सोय फार केली. लुगड्याला जुळेल तो रंग एका क्षणांत कपाळावर बसूं लागला. परंतु कांहीं टिकल्यांच्या डिंकांत एक रसायन असतें, ज्याच्या नित्य स्पर्शानें त्वचेंतील रंगपेशी मरतात आणि टिकलीच्या जागीं पांढरा डाग उमटतो. अशा वेळीं खाज किंवा फिकटपणा दिसतांच टिकली बंद करून त्वचेच्या वैद्यास दाखवावें. डाग झांकण्यासाठीं अधिक मोठी टिकली लावणें, हें दुखण्याला खतपाणी घालण्यासारखें आहे.

काजळाचीही गोष्ट अशीच. घरगुती काजळासाठीं तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचें अगर पितळेचें ताट उपडें धरीत आणि धरलेली काजळी तुपांत खलून डबींत भरीत. ही निव्वळ दिव्याची मस होय. सुरमा मात्र निराळा. पुष्कळ ठिकाणीं तो शिशाच्या काळ्या चकाकणाऱ्या दगडाची पूड असतो, आणि म्हणून त्याच्यापासून दूर राहावें हें बरें. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत कोणतेंच काजळ घालूं नये, असें डॉक्टर सांगतात. तीट गालाला लावली तरी दृष्ट उतरतेच! सौंदर्यप्रसाधनें १९६२ सालच्या दुरुस्तीनें औषधांच्या कायद्याखालीं आणलीं गेलीं, आणि रंगासाठीं त्यांत शिशाचे किंवा आर्सेनिकचे संयोग वापरण्यास बंदी आहे. कायदा आहे, परंतु तो जत्रेंतल्या फिरत्या पथारीपर्यंत पोंचतोच असें नाहीं.

आतां हाताकडे वळावें. मराठी भाषेनें बांगडीचा जेवढा मान ठेवला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या वस्तूचा ठेवला असेल. बांगड्या विकत घेऊन चढविल्या, असें कोणी म्हणत नाहीं, त्या 'भरतात'. बांगडी फुटली तरी ती फुटली असें न म्हणतां 'वाढली' म्हणावयाचें. कासार दारीं आला कीं ओसरीवर त्याचा माळा सुटे, आणि हिरव्या, जांभळ्या, मोरपिशी कांचेंत सारी आळी गुंतून जाई. हाताचीं हाडें हलकेंच दाबून, अंगठा आंत मुडपून, हाताला जेमतेम होईल एवढीच बांगडी मनगटावर चढविणें ही त्याची विद्या. सैल बांगडी भरणारा कासार कसबी नव्हे, असा बायकांचा निवाडा असे.

या बांगडीचा प्रवास बहुधा आग्र्याजवळच्या फिरोजाबादेहून होतो. तेथील भट्ट्यांत वाळू, सोडा व चुना यांचा रस करतात. त्यांत कोबाल्ट पडलें तर कांच निळी होते, मँगनीजनें जांभळी आणि लोखंड किंवा क्रोमियम यांच्या योगानें हिरवी. तापलेल्या रसाचा धागा फिरत्या रुळावर गुंडाळून त्याचें लांब वेटोळें करतात आणि तें हिऱ्याच्या टोकानें उभें चिरतात, म्हणजे शेंकडों सुटीं कडीं हातांत येतात. प्रत्येक कड्याचीं दोन टोकें लहानशा ज्योतीवर एक एक करून जुळवावीं लागतात. हें काम घरोघरीं चालतें. पुष्कळ काळ त्यांत स्त्रियांबरोबर मुलांचेही हात राबत होते. १९८६ च्या बालकामगार कायद्यानें व त्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी झाली. डझनभर बांगड्यांची किंमत करतांना ज्योतीपुढें वांकलेले ते डोळेही हिशेबांत धरावे लागतात.

वस्त्रांच्या रंगाविषयीं असा एक समज आहे कीं, भडक रंग खेडवळ आणि फिका रंग सुसंस्कृत. इरकल पाहिलें म्हणजे हा समज टिकत नाहीं. कर्नाटकांतील इळकलचें हें लुगडें महाराष्ट्राच्या माळरानांवर पिढ्यान्‌पिढ्या वावरलें. त्याच्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा हे निरनिराळे असतात, आणि फांशांत फांसे अडकवून ते मागावर जोडतात. म्हणून गडद हिरव्या किंवा काळ्या अंगाला तांबडा पदर इतक्या स्पष्टपणें येऊन मिळतो. करड्या जमिनीवर, उन्हानें पांढऱ्या पडलेल्या आभाळाखालीं, ओणव्यानें खुरपणाऱ्या बाईच्या अंगावर तो रंग पाहिला कीं तो भडक वाटत नाहीं. त्या माळाला तोच एक रंग असतो. तीच गोष्ट गुळेदगुड्डच्या खणाची. हातभर कापडाची त्रिकोणी घडी, परंतु ओटींत पडली कीं चोळी होण्यापूर्वींच ती मन भरून टाकते.

पैसा नसला तरी दागिना अडत नाहीं, हेंही मराठी घरांनीं दाखवून दिलें आहे. संक्रांतीला नव्या सुनेस काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालतात. तिळावर साखरेचा पाक थेंबथेंब टाकीत, मंद आंचेवर तासन्‌तास हात फिरवीत तो हलवा कांटेदार करावा लागतो. मग तो ओंवून हार, बाजूबंद, मुकुट सजतात. काळ्या वस्त्रावर ती शुभ्रता मोत्यांना लाजविते, आणि हौस फिटल्यावर मुलें दागिने खाऊन टाकतात! चोरांचें भय नसलेला असा अलंकार दुसरा नाहीं. कोंकणांत व गोमंतकांत अबोलीचा वळेसर असाच. अबोलीला वास नाहीं. परंतु ती लवकर कोमेजत नाहीं, आणि तिचा तो केशरी रंग काळ्या अंबाड्यावर संध्याकाळपर्यंत तग धरतो. एका गजऱ्याचें आयुष्य एक दिवसाचें असतें, म्हणून उद्यां पुन्हा तो माळण्याचा आनंद शिल्लक राहतो.

परंतु या सगळ्या कौतुकांत एक काळी रेघ आहे, आणि ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या समाजानें कुंकवाला एवढें माहात्म्य दिलें, त्यानेंच तें नवऱ्याच्या आयुष्याशीं बांधून टाकलें. पति निवर्तला कीं त्याच दिवशीं बायकोचें कुंकू पुसावें, बांगड्या फोडाव्या, जोडवीं काढावीं अशी रूढि पडली. ब्राह्मणी घरांत केशवपन करून विधवेला तांबडें आलवण नेसवीत. किती विलक्षण गोष्ट! तांबडा रंग तोच. कपाळावर असतां तो सौभाग्य आणि अंगावर गुंडाळला असतां तो अपशकुन. दोष रंगाचा नव्हता. तो कोणाच्या हुकुमानें अंगावर येतो, यावर सारें अवलंबून होतें.

ही रेघ पुसण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८५६ सालीं विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाली. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला आणि १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापिली. शिक्षणानें विधवेच्या हाताला पाटीपेन्सिल मिळाली; परंतु हळदीकुंकवाचें आमंत्रण तिच्या उंबरठ्याशीं येण्यास आणखी पुष्कळ काळ जावा लागला, आणि अनेक घरांत तें अजून येत नाहीं. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील हेरवाड या गांवानें ठराव केला कीं, पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढून घेणें या प्रथा गांवांत बंद व्हाव्या. त्याच महिन्यांत महाराष्ट्र शासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढें हेरवाडचें उदाहरण ठेवलें.

ठराव कागदावर होतो. कपाळावर बोट टेकवावयास मन लागतें. शेजारीण काय म्हणेल, सासूला काय वाटेल, मुलांच्या लग्नांत आडकाठी तर येणार नाहीं ना, असे शंभर प्रश्न त्या बोटाला अडवितात. शिवाय हेंही विसरतां कामा नये कीं, कुंकू लावलेंच पाहिजे ही सक्ती कुंकू पुसलेंच पाहिजे या सक्तीची सख्खी बहीण आहे. कोणाला टिकली आवडत नसेल, कोणाला मोकळे हात बरे वाटत असतील, कोणाला साठाव्या वर्षीं मोरपिशी लुगडें नेसावेसें वाटेल. या तिघींचा आनंद सारखाच खरा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवांत करंडा फिरत फिरत एका बाईपाशीं येतो. तेथें तो थांबावा कीं पुढें जावा, हा निर्णय तिच्या कपाळावर लिहिलेला असूं नये. तो तिला विचारावा आणि ती सांगेल तसें करावें.