दोन सशांचा समेट

नातीच्या हट्टापायी आणलेल्या दुसऱ्या सशाला आम्ही थेट पहिल्याच्या पिंजऱ्यात सोडले आणि क्षणात नवागताचा कान फाटला. दोष आमचाच, ससा आपली हद्द प्राणपणाने जपतो. शस्त्रक्रियेस मन धजत नव्हते. परंतु पशुवैद्यांनी समजावल्यावर दोघांचे निर्बीजीकरण केले आणि संप्रेरकांचा जोर ओसरावा म्हणून 6 आठवडे थांबलो. तोवर पिंजरे शेजारी, मध्ये चार बोटांचे अंतर. अंथरुणांची मात्र रोज अदलाबदल. पुढे दोघांनाही अपरिचित अशा खोलीत रोज 10 मिनिटांची भेट, गवताच्या टोपल्या दोन. किरकोळ पाठलाग चालू दिला. झोंबीची चिन्हे दिसताच मध्ये जाड टॉवेल टाकला. विसाव्या दिवशी एकाने मान झुकवली, दुसऱ्याने त्याचे कपाळ चाटले. आज पिंजरा एकच आहे. कानाची खूण राहिली. पण तोच कान आता पहिला ससा रोज मायेने चाटतो.