भिंतीआडची तार

घरातील इंटरनेट मंदावले की यजमान बाजारात जाऊन जुन्या राउटरपेक्षा दोन शिंगे अधिक असलेला नवा राउटर घेऊन येतात, आणि चार दिवस समाधान मानून पाचव्या दिवशी पुन्हा कुरकुर करू लागतात, हा प्रकार आता नित्याचा झाला आहे. वास्तविक दोष बहुधा यंत्राचा नसून त्याच्या जागेचा असतो. आणि ती जागा घरमालकाने नव्हे, तर फायबर जोडायला आलेल्या माणसाने, जेथे त्याची तार संपली आणि प्लगपॉइंट हाताशी आला तेथे, म्हणजे अनेकदा प्रवेशद्वाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, मुक्रर केलेली असते. तेथून आतल्या खोलीपर्यंत जाताना लहरींना विटांच्या दोन भिंती, पोटात सळया असलेला काँक्रीटचा खांब, पोलादी कपाट आणि न्हाणीघरातील भरलेले पिंप ओलांडावे लागते. मग शेवटच्या खोलीतील मुलाची ऑनलाइन परीक्षा ऐन मध्यावर अडली तर नवल ते काय!

या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांतल्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सहा. पहिली भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिचा पट्टा अरुंद आणि गजबजलेला. दुसरीला मोकळीक पुष्कळ, परंतु भिंत तिला फार लवकर थकविते. आपल्याकडे पहिला पट्टा २००५ साली आणि दुसरा विस्तृत प्रमाणात २०१८ साली परवान्याच्या बंधनातून मुक्त झाला, म्हणजे एका परीने तो गावाचे गायरान झाला: कोणीही आपली गुरे सोडावीत, कोणी कोणाला हटकू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या तेरा चॅनेलांपैकी परस्परांच्या हद्दीत न शिरणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच. आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलावे, इतरांनी थांबावे, असा वायफायचा शिरस्ता असल्यामुळे वरच्या मजल्यावर चाललेला चित्रपट आपल्याही वेळेचा वाटा खातो. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात, २४५० मेगाहर्ट्झवर, चालतो, हे आणखी एक. राउटरचा आवाज कितीही मोठा केला तरी संभाषण दुतर्फा असते, आणि खिशातल्या फोनचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो, एवढी गोष्ट जाहिरातदार सोयीस्करपणे विसरतात.

तारेचे तसे नाही. ती आपल्या एकट्याच्या मालकीची. दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्राहम बेल याने १८८१ साली दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि आजची लॅन केबल त्याच युक्तीवर उभी आहे. शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारेमुळे जोडीत जो क्षोभ उत्पन्न होतो, तो पिळामुळे दोन्ही तारांत जवळजवळ समप्रमाणात उमटतो. दुसऱ्या टोकाचे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढाच वाचत असल्यामुळे तो समान क्षोभ वजाबाकीत नाहीसा होतो. केबलचे आवरण सोलून पाहिले तर नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा चार जोड्या दिसतात आणि प्रत्येकीचा पीळ कमीअधिक घट्ट असतो, तो मुद्दाम. सर्वांचा पीळ सारखा असता तर त्या एकमेकींच्याच कानात बोलू लागल्या असत्या. म्हणून जॅक बसविताना वायरमनने पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उकलू नये, हा नियम कटाक्षाने पाळवून घ्यावा. १०० मेगाबिट वेगाला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार जॅकमध्ये नीट बसली नाही तर जोडणी मुकाट्याने शंभरावर उतरते, आणि यजमान कंपनीला दूषणे देत बसतात.

केबल घेताना कॅट-६ पुरेशी आहे. ५५ मीटरपर्यंत ती १० गिगाबिटही वाहते, आणि एवढे लांब घर फार थोड्यांच्या नशिबी असते. भिंतीत जुनी कॅट-५ई असेल तर ती उपटण्याची घाई करू नये. शंभर मीटरपर्यंत ती एक गिगाबिट बिनतक्रार वाहते. स्वस्त केबलीत मात्र तांब्याचा नुसता मुलामा असतो. चाकूने तार खरवडावी. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची समजून दुकानदाराला परत करावी.

सिग्नल पुढे ढकलणारा स्वस्त रिपीटर हा या सर्व खटाटोपावर उपाय म्हणून विकला जातो. जे ऐकले तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलून दाखविण्यात त्याचा निम्मा वेळ जातो, म्हणून मला तो फारसा मान्य नाही. त्यापेक्षा राउटरपासून घराच्या मध्यावर, बोळाच्या छताशी, एक केबल न्यावी आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट लावावा. दूरदर्शन संच, मेजावरचा संगणक अशा बैठ्या यंत्रांना सरळ तारच द्यावी, म्हणजे हवेतील जागा हातातल्या फोनांसाठी मोकळी राहते. विजेच्या नळीतून ही केबल ओढू नये. वेगळी नळी नसेल तर पट्टी फिटिंग करून भिंतीच्या कडेने न्यावी. ते दिसायला किंचित ओबडधोबड वाटते खरे, परंतु रंगकामाच्या वेळी पट्टीलाही भिंतीचाच रंग दिला की पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. नवे घर बांधताना मात्र प्रत्येक खोलीत एक रिकामी नळी सोडून तीत नायलॉनची दोरी ओढून ठेवण्याची तजवीज कंत्राटदाराकडून आधीच लिहून घ्यावी, कारण गिलावा झाल्यावर त्याच कामाचा भाव तो निराळा सांगतो.