एक मीटर लांबी, तीन किलो वजन

रायफल निवडणाऱ्याचे लक्ष प्रथम काडतुसाच्या शक्तीकडे जाते. परंतु रानात दिवसभर हिंडणाऱ्याच्या हातून चाप ओढला जातो तो क्वचित एखाद्या क्षणी आणि उरलेला सारा काळ ते हत्यार त्याच्या खांद्यावरचे ओझेच असते, ही साधी गोष्ट ज्याने आपल्या विचाराच्या मुळाशी ठेवली, तो पुरुष म्हणजे अमेरिकेच्या मरीन दलातील माजी लेफ्टनंट कर्नल जेफ कूपर. ॲरिझोनात १९७६ साली त्याने नेमबाजीची शाळा काढली. तेथेच १९८३ साली जाणकारांची परिषद भरवून, शिकार, आत्मसंरक्षण आणि रानातली नित्याची कामे या सर्वांस पुरी पडेल अशा एकाच रायफलीची लक्षणे मुक्रर करण्यास त्याने आरंभ केला, आणि एकट्याने फिरणारा टेहळ्या डोळ्यांपुढे ठेवून तिला ‘स्काउट’ हे नाव दिले.

लांबी एक मीटरच्या आत आणि दुर्बीण व पट्टा यांसह वजन तीन किलो, फार तर साडेतीन, या दोन अटींतून बाकीचा बहुतेक तपशील आपोआप निष्पन्न होतो. काडतूस .३०८ विंचेस्टर, कारण ते आखूड असल्याने बोल्टची यंत्रणाही आखूड राहते, हरणासारख्या जनावरास ते पुरेसे आहे आणि बहुतेक मुलखांत मिळते. जेथे लष्करी काडतुसास कायद्याची मनाई असेल तेथे ७ मिमी-०८. असाच निर्बंध आपल्याकडेही आहे. सामान्य परवानेदारास .३०३ वर्ज्य, म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्यातून .३१५ची रायफल निघाली. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर निर्बंध आणल्यावरही ती परवान्यांवर टिकून राहिली.

कूपरची खरी प्रतिभा मला दुर्बिणीच्या जागेत दिसते. दोन-तीन पट एवढीच मोठी करून दाखवणारी दुर्बीण त्याने डोळ्याजवळून काढून नळीवर पुढे नेली. त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, भोवतालचे रान दृष्टीआड होत नाही, आणि बोल्टवरची जागा मोकळी राहिल्याने काडतुसे वरून भरता येतात. एरिक चिंग याने योजलेला पट्टा दंडाभोवती क्षणात आवळला जाऊन हात स्थिर करतो, म्हणजे वाहण्याचे साधनच नेमाचा आधार होते. अचूकतेची अपेक्षा मात्र संयमित: २०० यार्डांवर तीन गोळ्या चार इंचांच्या आत.

या योजनेस किंमत आहेच. हलक्या रायफलीचा धक्का खांद्यास अधिक जाणवतो. सूर्य पाठीशी असता पुढच्या दुर्बिणीच्या काचेवर चकाकी येते, आणि सांजवेळी, म्हणजे जनावर बाहेर पडते नेमके तेव्हा, तिच्यातून अंधुक दिसते. हा शेवटचा दोष मी गंभीर मानतो. तरीही ऑस्ट्रियाच्या श्टायर कारखान्याने कूपरच्या देखरेखीखाली १९९८च्या सुमारास काढलेली स्काउट, जिच्या दस्त्यात जादा मॅगझिन बसते आणि जिच्या पुढच्या भागात मिटणारे दोन पाय आहेत, ती अटींशी इमान राखते. २०११ साली आलेली रूगरची स्काउट पुष्कळ स्वस्त असली तरी दुर्बिणीवाचूनच तीन किलोंपलीकडे जाते. ज्याला दिवसभर डोंगर चढायचा असेल, त्याने घेण्यापूर्वी दुर्बीण, पट्टा आणि भरलेले मॅगझिन यांसह रायफल तराजूवर ठेवून पाहावी.