चूक वायरची, की वायर लावणाऱ्या मौसींची?

दुर्गापुऱ्यात टोंक रोडच्या आतल्या गल्लीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. दिवाळीच्या साफसफाईनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॉम्प्युटर सुरू केले, तर काहीच चालेना. इंटरनेट नाही, प्रिंटर नाही, फाइल उघडत नाहीत. नेटवर्कच्या स्विचवरचे दिवे मात्र एकसारखे लुकलुकत होते.

दोन तासांनी कारण सापडलं. टेबलाखाली एक सुटी वायर लोंबत होती. सफाई करणाऱ्या मौसींना वाटलं, निघाली असेल. त्यांनी ती जवळच्या छोट्या स्विचमध्ये नीट खोचून ठेवली. झालं! सगळे मौसींवर घसरले. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला राहवेना. एका वायरने अख्खं ऑफिस बंद पडतं, यात दोष नेमका कुणाचा? मी तर इंग्रजीत बीए केलेलं. पण त्या दिवशी हा विषय समजून घ्यायचाच, असं ठरवलं.

नेमकं काय झालं?

त्या छोट्या स्विचची एक वायर आधीच मुख्य स्विचला जोडलेली होती. सुट्या वायरचं दुसरं टोकही मुख्य स्विचमध्येच होतं. म्हणजे दोन स्विचमध्ये दोन रस्ते झाले आणि एक गोल तयार झाला. यालाच ‘लूप’ म्हणतात. ‘सगळ्यांना कळवा’ असा संदेश आला की स्विच तो प्रत्येक वायरवर पाठवतो. गोलात सापडलेला असा संदेश फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि खऱ्या कामाला जागाच उरत नाही.

एका बाईंनी काढलेला तोडगा

यावरचा उपाय १९८५मध्ये राडिया पर्लमन यांनी शोधला. तेव्हा त्या अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत होत्या. त्याचं नाव ‘स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल’. झाडाच्या फांद्या जशा पुन्हा एकमेकींना जुळत नाहीत, तसंच नेटवर्कही ठेवायचं. स्विच आपसात छोटे निरोप पाठवतात, एकाला ‘रूट’ म्हणजे मूळ मानतात आणि जादा रस्ते तात्पुरते बंद ठेवतात. चालू रस्ता तुटला, तर बंद ठेवलेला आपोआप उघडतो. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागायचे. २००१मध्ये आलेल्या ‘रॅपिड’ पद्धतीत बहुतेक वेळा काही सेकंदही लागत नाहीत.

पण हा उपायही नीट आखणी मागतो. नोव्हेंबर २००२मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडलं होतं. वर्षानुवर्षं जोड देत ते इतकं लांबलं होतं, की स्पॅनिंग ट्रीला ते पेलवलं नाही. डॉक्टर आणि नर्स पुन्हा कागदावर आले.

सेटिंग करताना काय पाहाल?

तुमच्या दुकानात, शाळेत किंवा सोसायटीत मॅनेज्ड स्विच असेल, तर तंत्रज्ञाला एवढं नक्की विचारा:

• कोणती वायर कुठून कुठे जाते, याचा नकाशा कागदावर आहे का?

• सगळ्या मॅनेज्ड स्विचवर ‘रॅपिड स्पॅनिंग ट्री’ सुरू आहे का? आमच्याकडे मुख्य स्विचवर ते बंदच होतं!

• रूट कोण, हे आपण ठरवलं आहे का? प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते आणि सर्वांत लहान आकडा जिंकतो. मुख्य स्विचला ४०९६ आणि त्याच्या पर्यायाला ८१९२ द्या. नाहीतर कोपऱ्यातला एखादा जुना स्विचही रूट होऊन बसतो.

• कॉम्प्युटर, प्रिंटरच्या पोर्टना ‘एज पोर्ट’ केलं आहे का? तिथे ‘बीपीडीयू गार्ड’ही लावा. चुकून तिथे स्विच जोडला गेला आणि त्याचे निरोप येऊ लागले, तर फक्त तेवढं पोर्ट बंद होतं, बाकीचं काम चालू राहतं.

• सेटिंग सेव्ह केलं का? नाहीतर वीज गेली की काही स्विच सगळं विसरतात.

हे बदल कामाच्या वेळेत करू नका. शेवटी एक जादा वायर मुद्दाम लावून, एक चालू वायर काढून पाहा.

आमच्याकडे आता हे सगळं झालंय. मुख्य स्विचवर चिठ्ठी चिकटवली आहे, सुट्या वायरी गुंडाळून ठेवल्या आहेत. आणि हो, मौसींची माफीही मागितली. त्या हसून म्हणाल्या, ‘अब तो मैं पूछकर ही लगाऊँगी.’ मी म्हटलं, आता न विचारता लावलीत, तरी ऑफिस बंद पडणार नाही!